गलाईवाल्याची मुलगी, आजीची वाकळ आणि 'माझी ओळख' नावाचं असाइनमेंट

आधी प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांना कळेल. मुलगी २४ वर्षांची. घर मूळचं विट्याजवळच्या गावचं, वडिलांचं कोइमतूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं दुकान, जन्म आणि शाळा तिकडंच, आता पुण्यात सिरॅमिक-टेक्स्टाइलच्या कोर्सला शेवटच्या वर्षात. 'ओळख आणि आपलेपणा' या विषयावर माती आणि कापड दोन्ही वापरून काम करायचंय. गावी आली की भावंडं मद्रासी म्हणून चिडवतात, तिकडं शेजारीपाजारी नॉर्थवाली समजतात. तिनं विचारलंय की घोंगडं वापरू का, पैठणीचा मोर घेऊ का, आजीची वाकळ कापली तर चालेल का, आणि मी नक्की कुठली हे मातीत दाखवायचं कसं.

मी सांगलीजवळ हरिपूरच्या बाजूला राहते, मातीचं काम करून २५-२६ वर्षं झाली, कापड त्यात बऱ्याच उशिरा आलं. तुला तू म्हणते, माझ्या पोरीएवढीच आहेस.

तू चार प्रश्न विचारलेस पण मला त्यात एकच दिसतो. घोंगडं चालेल का, मोर चालेल का, वाकळ चालेल का, म्हणजे यातलं माझं म्हणून काय उचलायची मला परवानगी आहे, असंच तू विचारतीयेस. आणि एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये कोइमतूर एकदा आणि वडिलांचं दुकान अर्ध्या ओळीत. जिथं २० वर्षं काढलीस ते अर्ध्या ओळीत आणि जो मोर तुझ्या घरात कुणी विणला नाही तो तीनदा, हे जरा बघ.

हा घोळ मीही घातलाय म्हणून सांगते. पहिल्या प्रदर्शनाला मी टाइल्स केल्या होत्या, त्यावर वारली, कडेनं पैठणीचा काठ, मध्ये मोर. वारली पालघर-डहाणूकडची, पैठणी पैठण-येवल्याची, आणि मी सांगलीची, आमच्या घरात तर इरकली नेसायच्या सगळ्या. विकल्या गेल्या हो टाइल्स, नाही असं नाही. पण माझी मावशी आली होती बघायला, तिनं चष्मा वर करून सगळ्या नीट बघितल्या आणि विचारलं, "छान आहे गं, पण हे कुणाच्या घरचं?" तिला टोमणा मारायचा नव्हता, खरंच विचारत होती. मला उत्तर देता आलं नाही.

तर तुझ्या घरचं काय ते बघू. तुझ्या घरी सिरॅमिक आधीपासनं आहे, तुझ्या लक्षात आलं नाही एवढंच. मूस! सोनं आटवायची मूस म्हणजे मातीचं नाहीतर माती-ग्राफाइटचं भांडंच की. कॉलेजात तुम्हाला रिफ्रॅक्टरी, म्हणजे मोठी आच झेलणारं मटेरियल, म्हणून जे शिकवतात ते तू रांगत असल्यापासनं भट्टीत लाल होताना बघितलंयस. वापरलेली मूस कधी आतनं बघितलीस? आत काचेसारखा थर बसलेला असतो, कुठं हिरवट, कुठं काळपट लाल, मध्येच एखादा बारीक मणी अडकलेला. तो थर टाकणखाराचा. सोन्यातला मळ वर यावा म्हणून वडील टाकणखार टाकतात आणि आपण कुंभारकाम करणारे तोच बोरॅक्स कमी तापमानाच्या ग्लेझला, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाला, घालतो (तो पाण्यात विरघळतो म्हणून बहुतेक वेळा फ्रिट करून, म्हणजे आधी वितळवून त्याची काच कुटून घालतो, पण वस्तू तीच). हिरवा-लाल रंग डागातल्या, म्हणजे दागिन्याचे सांधे जोडायच्या धातूतल्या, तांब्याचा. म्हणजे तुझ्या वडिलांनी नकळत रोज एक ग्लेझ भाजलंय आणि मूस फुटली की फेकून दिलंय.

आता कापड. दुकानातली पुसायची फडकी, बसायची जुनी चटई, कारागिरांचे फाटके कपडे कचऱ्यात टाकत नाहीत, जाळतात आणि राखेतनं सोनं काढतात. सोनारांच्या दुकानातला केर गोळा करून त्यातनं धातू काढणं हाही या धंद्याचाच भाग. हे तुला मी सांगायची गरज नाही.

आणि आमच्या कामात एक जुनी पद्धत आहे, कापड पातळ मातीत म्हणजे स्लिपमध्ये बुडवायचं, वाळवायचं आणि भाजायचं. कापड जळून जातं आणि त्याच्या घड्या, चुण्या, शिवण, कधीकधी विणीचा धागान् धागा मातीत राहतो. वडिलांच्या भट्टीत कापड जळून सोनं राहतं आणि तुझ्या भट्टीत कापड जळून माती राहते. मला विचारशील तर तुझं काम इथंच आहे, त्याला मोर नको आणि महाराष्ट्राचा नकाशाही नको.

पद्धत नीट सांगते कारण यूट्यूबवर अर्धवट सांगतात. कापड सुतीच हवं. सूत माती पितं, पॉलिस्टर पीत नाही, वरनं ओघळते, आणि भट्टीत पॉलिस्टर वितळून घाण धूर करतं. कळत नसेल तर दोन धागे ओढून चिमट्यात धरून जाळून बघ. सुताचा वास जळक्या कागदाचा, लोकरीचा आणि रेशमाचा जळक्या केसाचा, पॉलिस्टरची टोकाला कडक गोळी होते. आधी कापड गरम पाण्यात धुऊन खळ काढून टाक नाहीतर माती आत शिरत नाही. स्लिप ताकापेक्षा दाट, धिरड्याच्या पिठाएवढी. एकदा बुडवून भागत नाही, तीनचार हात दे, प्रत्येक हात थोडा सुकू दे. स्लिपमध्ये थोडा कागदाचा लगदा घातला तर वाळताना तुटत नाही. भट्टी ४०० अंशांपर्यंत अगदी हळू आणि झाकणाची फट उघडी, कारण कापड याच टप्प्यात जळतं आणि धूर निघायला वाट लागते. वरनं ५७३ च्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ आकार बदलतं, तिथंही घाई नको, चढताना नको आणि उतरताना तर नकोच. माझे पहिले सातआठ तुकडे हातात घेतल्यावर पापडासारखे चुरले, तुझेही चुरतील. म्हणून पहिले प्रयोग कुठल्यातरी चिंधीवर कर, घरातल्या कुणाच्या कापडावर नको.

एक धोका आताच सांगून ठेवते. जुनी मूस कुटून ग्लेझमध्ये घालायचा मोह होईल. करू नको. दागिन्यांच्या डागात कॅडमियम असू शकतं, शिसंही असू शकतं, ती भुकटी फुप्फुसात नको आणि ते धूर कॉलेजच्या भट्टीत तर अजिबात नकोत. मूस बघायला वापर, वरनं पातळ प्लास्टिक लावून मातीत ठसा घे, प्लास्टरचा साचा काढ. आणि गावच्या मातीची मूस करून तिच्यात खरंच सोनं आटवीन असं मनात असेल तर तेही सोड. सोनं १०६४ अंशांना वितळतं आणि आपल्याकडच्या बऱ्याच लाल माती ११०० च्या पुढं गेल्या की बसायला, फुगायला लागतात. आकार मुशीचा होईल, काम मुशीचं होणार नाही. आता ते काम न होणं हेच तुला सांगायचं असलं तर गोष्ट वेगळी, मला तर ते आवडेल.

दुसरं, लोक तुला किंत्सुगी सुचवणार, म्हणजे फुटलेलं भांडं सांधून भेगेवर सोनं लावायचं. सोन्याचा धंदा, फुटलेली ओळख, भेगेत सोनं, झालं असाइनमेंट. तुझ्या गाईडनं अजून सुचवलं नसेल तर सुचवतीलच. ती जपानची झाडाच्या चिकाच्या लाखेची कला आहे, तिच्यात तिथली लोक आयुष्य घालवतात, आपल्याकडं बाजारात सोनेरी पावडर आणि अरल्डाइट. आणि तुझ्या घरचं काम बरोबर उलटं आहे, भेगेत सोनं भरायचं नाही, भेगेतनं, केरातनं, राखेतनं सोनं बाहेर काढायचं. उगाच दुसऱ्याचं कशाला सांगायचं.

यात मी काही नवीन सांगत नाही. लुईझ बुर्ज्वा या फ्रान्समध्ये जन्मलेल्या शिल्पकार बाईंच्या घरी जुन्या टॅपेस्ट्री दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. बाई अमेरिकेत गेल्या आणि पार म्हातारपणी स्वतःचे जुने कपडे, घरातल्या चादरी-टॉवेल काढून त्यांची शिल्पं शिवली. आपल्याकडं मृणालिनी मुखर्जी, १९४९ चा जन्म, २०१५ ला गेल्या. वर्षानुवर्षं हेम्पच्या (तागासारख्या) दोरांना गाठी मारून माणसापेक्षा मोठ्या आकृत्या केल्या, नंतर सिरॅमिककडं वळल्या, मग ब्रॉन्झकडं. त्यांचं सिरॅमिक बघताना हात दोर वळणारा आहे हे कळतं. दोघींचं काम बघ, पण उतरवून घेऊ नको.

वाकळीचं. कापू नको, निदान आत्ता तरी. आधी आजीला विचारून एका बाजूची शिवण वीतभर उसव आणि आत बघ. बहुतेक जुन्या वाकळेच्या पोटात दुसरी वाकळ असते. माझ्या आजेसासूबाईंची मी उसवली तेव्हा वर दोन इरकली जुनेरं, खाली धोतर, त्याखाली साखरेच्या पोत्याचं कापड, त्यावर निळी अक्षरं अजून वाचता येत होती, आणि मध्ये कुणाच्यातरी खाकी हाफपँटचा खिसा. खिसा तसाच, आत शिवलेला! कुणाची पँट ते घरात कुणालाच आठवेना, दोन दीर त्यावरनं भांडले. मी ती परत शिवली आणि फक्त खिशाचा ठसा मातीत घेतला.

तूही ठसा घे. सुती काठ ओल्या लादीवर ठेवून हलक्या हातानं लाटणं फिरव, उचल, कापड धुऊन परत वाकळेत. माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण दहा टक्के आकसते, म्हणजे ठसा आजीच्या खऱ्या काठाहून दहाव्या हिश्श्यानं लहान होतो. दोन्ही शेजारी ठेवले की बघणाऱ्याला लगेच कळत नाही पण काहीतरी खटकतं. ते खटकणं मला फार उपयोगाचं वाटतं.

आणि आजी आहे ना अजून, हात चालतायत ना? मग तिच्या हातात दाभण दे आणि पुढं मातीची लादी ठेव. सहासात मिलिमीटर जाड, चामड्याइतकी सुकलेली, म्हणजे बोट दाबलं तर खड्डा पडत नाही पण दाभण आत जातं. तिला सांग, वाकळ घालतीस तसे टाके घाल. मी आमच्या शेजारच्या आजींकडनं हे करून घेतलं, त्यांना एका डोळ्यानं जवळजवळ दिसत नव्हतं, तरी काठापासनं आत आत धावदोऱ्याच्या ओळी अशा आल्या की मी पट्टी लावून बघितलं. त्या म्हणाल्या, "ह्यात काय बघायचं, हात जातोय." भोकं जरा मोठी ठेव कारण तीही आकसतात, कडा ओल्या स्पंजनं गोल कर, नाहीतर भाजल्यावर कड काचेसारखी होते आणि दोरा कापते. दोऱ्याला मेण लाव.

हे मी वाकळ जपायच्या प्रेमापोटी सांगते तसं एका अनुभवापोटीही सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं, ४५ ला धोक्याची पातळी, मग आमच्या बाजूला काय झालं असेल बघ. स्टुडिओ पाण्यात. परत आलो तेव्हा शेल्फवर भाजलेली भांडी गाळानं भरलेली पण धडधाकट, आणि कच्ची ४० एक भांडी परत चिखल झालेली, शेल्फवर नुसते गोल डाग. माती एकदा ५००-६०० अंशांच्या पुढं गेली की तिच्या बांधणीतलंच पाणी निघून जातं आणि मग ती पाण्यात परत माती होत नाही, हे मी पोरांना फळ्यावर शंभरदा शिकवलं असेल, पण कळलं त्या दिवशी. आणि कापडं? माझ्या आईची दोन लुगडी होती ट्रंकेत, कुजली. नेवाशाच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याचे मणी होते आणि मण्यांत अडकून दोऱ्याचे थोडे अवशेष टिकले, तांब्यामुळं. तिथली मडकी मात्र ढिगानं. म्हणून काय भाजायचं, काय कच्चं ठेवायचं, काय कापडच राहू द्यायचं हे आधी ठरव. एखादा तुकडा कच्चाच ठेवून प्रदर्शनात पाण्याच्या ताटात बसवला तर तोही बोलतो. मी केलंय एकदा, फरशी खराब झाली म्हणून मला हॉलवाल्यांना पैसे भरावे लागले.

मातीचं बघू. तुला दोन्हीकडची माती वापरायची असेल, गावची आणि कोइमतूरची, तर कल्पना चांगली आहे पण दोन माती सारख्या आकसत नाहीत. प्रत्येकीची एक पट्टी कर, ओली असताना तिच्यावर बरोबर १० सेंटीमीटरची रेघ मार, भाजल्यावर मोज. एकीची रेघ ९.२ आली आणि दुसरीची ८.८, तर त्या शेजारी जोडल्यास जोडावर तडा जवळजवळ ठरलेला. दोन्ही एकत्र मळल्या तर चालतं. तडा हवा असेल तर ठेव, माझी ना नाही, पण तो तू ठरवून घाल. अपघातानं गेलेल्या तड्याला नंतर 'विस्थापन' असं नाव देणारी पुष्कळ पोरं मी जुरीत बघितलीत, आणि जुरीत बसलेल्यांना ते कळतं बरं का.

काळी माती एकटी घेऊ नको, वाळताना शेतासारखी भेगाळते. ओढ्याकाठचा पोयटा घे. आणि तुमच्या खानापूर-आटपाडी बाजूला मातीत चुनखडी असते, ती फार फसवते. मी एकदा तिकडची माती नुसती निवडून वापरली, भट्टीतनं वाट्या झकास निघाल्या, सगळ्यांना फोटो पाठवले, आणि आठ दिवसांनी एकेका वाटीचा टवका उडायला लागला, प्रत्येक खड्ड्याच्या मध्ये पांढरा ठिपका. चुनखडीचा खडा भाजला की कळीचा चुना होतो, मग हवेतली ओल पिऊन फुगतो आणि वरची माती उडवतो. म्हणून माती वाळवून, कुटून, पाण्यात कालवून ८० नंबरच्या चाळणीतनं गाळ. गावच्या कुंभारदादांना विचार कुठली माती उचलतात, लीद किती, राख किती, ते हातात घेऊन सांगतील. फुकट विचारू नको, एक दिवसाची मजुरी दे आणि बेंदराच्या आधी जाऊ नको, तेव्हा ते बैल करण्यात असतात.

आता घोंगडं, ज्यावर तू सगळ्यात जास्त लिहिलंस. ते मी नाही म्हणत नाही. पण घोंगडं म्हणजे धनगरांची मेंढरं, सनगरांचा खड्ड्यातला माग, चिंचोक्याची खळ, आणि खंडोबा-बिरोबाच्या पूजेत मांडतात ते आसन. तुझ्या घरी कुणी ते पांघरत असेल तर ते पांघरूण म्हणून तुझं आहे, विणकाम म्हणून नाही. मी एकदा विकत आणून कातरी लावली होती, ज्यांच्याकडनं घेतलं त्या म्हाताऱ्यांनी नंतर तो तुकडा बघितला आणि काहीच बोलले नाहीत, नुसता हात फिरवला कापलेल्या कडेवरनं. त्यानंतर मी घोंगड्याला कातर लावलेली नाही. तू म्हसवड-आटपाडीकडं जाऊन मागावर आठ दिवस बसलीस, पैसे देऊन शिकलीस, तर मग विचार कर. आठ दिवस नाहीत तर राहू दे.

याउलट कोइमतूरचं जे तू रोज बघितलंस ते वापरायला कुणाची परवानगी? दारातला कोलम म्हणजे तिकडची रांगोळी, सूतगिरण्यांच्या भोंग्याचा आवाज, खेडोपाडी अय्यनार या ग्रामदेवाच्या देवळापुढं उभे भाजक्या मातीचे घोडे, शाळेची पावडई म्हणजे लांब परकर. यातलं तुला खरंच काय आठवतं हे मला माहीत नाही, मी अंदाजानं लिहितेय, तुझं तू बघ. घोडा नको घेऊस, तो परत मोरासारखाच होईल, पण लहानपणी घोड्याच्या पायाला हात लावला असशील तर तो खडबडीतपणा घे.

एवढं सगळं परिस्थितीवर आहे हेही खरं. आजी नको म्हणाली तर वाकळीचा विषय तिथंच संपला. वडिलांना दुकानाचं काही बाहेर दाखवायला आवडत नसेल, या धंद्यात लोक सांभाळून असतात, तर मुशीचा नुसता आकार घे आणि दुकानाचं नावगाव काही लिहू नको. कॉलेजची भट्टी इलेक्ट्रिक असेल तर कापड जाळायच्या आधी तिथल्या माणसाला विचार, धुरानं कॉइल खराब होतात म्हणून बरेच जण नाही म्हणतात, मग कुंभाराच्या भट्टीत एका कडेला लावून बघ. तिथं तापमान ७००-९०० च्या मध्ये कुठंही असू शकतं, काळे डाग पडतील, पण कापडाच्या तुकड्याला ते वाईट दिसत नाही. आणि तुझ्याकडं चार महिने आहेत म्हणालीस, त्यातले पहिले दोन चिंध्या आणि पट्ट्यांतच जाणार, घाबरू नको.

त्यामुळं आत्ता लगेच करायचं ते एवढंच. वडिलांना फोन करून एक फुटकी मूस राखून ठेवायला सांग, धुवायची नाही, घासायची नाही, पिशवीत बांधून ठेवायची. आली की आतल्या बाजूचा फोटो टाक इथं, उजेडात काढलेला. मला तो थर बघायचाय.